जवसाचं दार

माझा राग वाईट आहे, असं आमच्या घरी, शेजारी आणि रिछाईतल्या अर्ध्या कारखान्यांत म्हणतात. म्हणोत बापडे. मला विचाराल तर माझा राग उत्तम आहे, माणसंच वाईट भेटतात. आणि त्या मे महिन्यात जो भेटला, त्याच्यावर जिला राग आला नसता ती बाई नव्हे, दगड.

जबलपूरच्या रिछाई औद्योगिक वसाहतीत आमची एक शेड आहे. 'लतिका कंपोझिट्स' अशी तिच्यावर पाटी आहे, आणि लतिका म्हणजे मी. फायबरच्या टाक्या, छपरं, बसच्या सीटा असलं काम. पाटीवर नाव माझं, कारण बाईच्या नावावर उद्योग असला की सरकारी कामात सवलत मिळते. आमच्या ह्यांनी, म्हणजे दिनकररावांनी, ट्रकच्या कारखान्यातली नोकरी वेळेआधी सोडून शेड घातली, तेव्हा कोणीतरी हा सल्ला दिला आणि मी मालकीण झाले. सही तिची, अक्कल माझी, असं हे चारचौघांत सांगायचे. लोक हसायचे. मी हसले नाही. मी रोज शेडमध्ये जाऊन बसायला लागले, आणि थोड्याच दिवसांत ह्यांनी तो विनोद सांगणं बंद केलं.

ह्यांनी कारखान्यातून पेन्शनीशिवाय एकच गोष्ट सोबत आणली, ती म्हणजे एक नियम. तिथं ते ट्रक तपासायच्या विभागात होते. त्यांचे जुने साहेब म्हणायचे, ज्यानं गाडी पास केली त्यानं पहिल्या फेरीला तिच्यात बसायचं. आमच्या शेडमध्येही तेच. टाकी केली तर पास करणारा तिच्यावर उभा राहणार. ॲम्ब्युलन्सचं छप्पर केलं तेव्हा हे स्वतः वर चढून नाचले होते, आणि मी खालून ओरडत होते. बसा, उभे राहा, नाचा, काही करा. पण अंगावर घेतल्याशिवाय आमच्याकडे 'पास' म्हणायचं नाही.

दुर्वा आमची एकुलती एक. इंजिनिअर झाली, बंगलोरला नोकरी केली आणि एक दिवस डोक्यात खूळ घेऊन परत आली. आमच्या जिल्ह्यात पाटण, सिहोऱ्याकडे जवस पेरतात. दाणे काढले की काड्या जाळून टाकतात. त्या काड्यांतून धागा निघतो, धाग्याचं कापड विणता येतं, आणि कापडाच्या थरांवर रेझिन, म्हणजे घट्ट धरून ठेवणारा गोंद, चढवला की हलका आणि मजबूत तक्ता तयार होतो.

"आई, याचं गाडीचं दार बनते," ती म्हणाली.

"जवसाची चटणी बनते," मी म्हणाले. "दार काहून बनवतेस?"

पण बनवलं तिनं. दोन वर्षं हातांना गोंदाचे डाग आणि केसांत जवसाचा भुगा. लग्नाचं विचारलं की म्हणायची, आधी दार होऊ दे. पाच दारं बिघडली, सहावं जमलं. रंग न देता नुसतं चकचकीत केलेलं, आत जवसाच्या धाग्याची वीण दिसत होती. खरं सांगते, मी त्याच्यावरून हात फिरवला आणि माझा राग पार उतरला. असं फार क्वचित होतं.

मग पुण्याची कंपनी आली. विजेवर चालणाऱ्या गाड्या बनवणारी, नवी, खिशात परक्यांचा पैसा आणि तोंडात पृथ्वी वाचवायची भाषा. जूनमध्ये युरोपात आंतरराष्ट्रीय मोटार प्रदर्शन होतं. जगभरच्या कंपन्या तिथं आपापल्या हिरव्या गाड्या मांडणार, आणि त्यात यांची एक, चारही दारं जवसाची. स्टॉलवर दुर्वा उभी राहणार, दाराशेजारी तिचं नाव लागणार. व्हिसा आला. मी सदर बाजारात जाऊन तिच्यासाठी बूट आणले आणि माझी महेश्वरी साडी इस्त्री करून तिच्या बॅगेत घातली. महाराजपुरात, आमच्या कॉलनीत, मी किती जणींना सांगितलं असेल याचा हिशेब नाही.

कंपनीतर्फे यायचा तो अनुपम. मूळचा पुण्याचा, तिशीतला, दाढी कोरलेली. आमचं मराठी ऐकून तो गालात हसायचा. "काकू, तुमचं 'काहून' फार गोड आहे," म्हणायचा. मी म्हणायचे, "चटणी मात्र गोड नाही, खाऊन पाहा." जवसाची चटणी त्याला वाढली तर म्हणाला, "अरे, हे तर सुपरफूड!" दोनशे वर्षं आमच्या घरात हे नुसतं तोंडी लावणं होतं. याच्या तोंडून त्याचं बारसं झालं.

आता बिघडलं कुठं ते सांगते. दुर्वाच्या रेझिनमध्ये बहुतेक भाग झाडांपासून काढलेला, पण थोडं साधं रसायन होतं. त्याच्याशिवाय उन्हात दार टिकत नव्हतं, हे ती पाच दारं बिघडवून शिकली होती. कंपनीला ते थोडंसं सलायला लागलं. स्टॉलवरच्या पाटीवर 'शंभर टक्के वनस्पतींपासून' लिहायचं होतं. 'ऐंशी टक्के' लिहिलं तर कोण थांबून बघणार? म्हणून त्यांनी आपल्या युरोपातल्या भागीदारांकडून नवा गोंद मागवला, निव्वळ वनस्पतींचा, आणि सांगितलं, चारही दारं यात करा.

दुर्वानं केली. एक जास्तीचं दार चौकटीसकट शेडच्या गच्चीवर ठेवलं. जबलपूरचा मे तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते, दुपारी गच्चीवरची चप्पल पायात घालायच्या आधी तिच्यावर पाणी ओतावं लागतं. संध्याकाळी ती दार उघडायला गेली तर उघडेना. उन्हानं दारानं पोक काढलं होतं आणि ते चौकटीत रुतलं होतं. पावसाळ्यात जुन्या घरांचं लाकडी दार फुगून बसतं ना, तसंच. आतली मूठ ओढा, बाहेरची ओढा, व्यर्थ. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिनं अनुपमला फोन लावला.

"तुमच्या शेडमध्ये कूलर चालतो," तो म्हणाला. "कूलरच्या ओलीनं झालं असेल."

"और बारिश में?" दुर्वानं विचारलं. रागावली की ती हिंदीत जाते. "पावसाळ्यात गाडीला रेनकोट घालणार का?"

"दुर्वा, प्रदर्शन एसी हॉलमध्ये आहे. तिथं ऊन नाही, पाऊस नाही. तू फक्त उष्णतेच्या चाचणीच्या दाखल्यावर सही कर. त्याशिवाय गाडी विमानात चढत नाही."

ती म्हणाली, करणार नाही.

आणि आता ऐका, मी कोणावर भडकले. तिच्यावर. त्या संध्याकाळी घरी मी बॅगेतली साडी काढून तिच्यासमोर आपटली.

"काहून अडून राहिली तू? दोन वर्षं घातली ना यात? हाता-तोंडाशी आलेला घास आहे. प्रदर्शनात कोण बसून राहिलं उन्हात?"

"आई, तिथूनच बुकिंग चालू होणार. हेच दार, हाच गोंद. पुढच्या उन्हाळ्यात नागपुरात, जयपुरात, इथं सदरमध्ये गाड्या उभ्या राहतील. कोणी दोन मिनटं म्हणून लेकरू आत ठेवून दुकानात जाईल. दार आतून उघडत नाही, आई. बाहेरूनही नाही."

मला कळलं होतं. मी काही बुद्धू नाही. पण कळलेलं मान्य करायचं तर बूट परत करायचे, कॉलनीत सगळ्या जणींना सांगायचं, आणि पोरीचं नाव लागायचं ते न लागता राहणार. मला ते सोसवेना. मी म्हणाले, तुझ्या हट्टापुढं देवानंही हात टेकले असते. ती म्हणाली, हट्ट कोणाकडून आला ते बाबांना विचार. हे वर्तमानपत्र वाचत होते, ते जास्तच वर धरून वाचायला लागले.

दोन दिवसांनी गाडी आली, मोठ्या ट्रेलरवर, ताडपत्रीत गुंडाळलेली. दारं आमच्याकडेच बसवायची होती, कारण ती हातांनी घासून चौकटीत बसवावी लागतात. सकाळी थंड वेळेत ती बसली आणि किती सुरेख बसली! गाडी छोटी, गोल, मधाच्या रंगाची. ट्रेलरचा ड्रायव्हर तिच्यासोबत फोटो काढत होता. अनुपम विमानानं आला होता, संध्याकाळी परतायचा होता. जेवण झालं आणि त्यानं दाखला दुर्वासमोर ठेवला.

"मी नाही करणार," दुर्वा म्हणाली. शेडमधले सगळे कारागीर ऐकत होते.

अनुपम हसला. त्याचं ते हसणं मला आजही आठवतं आणि आजही हात शिवशिवतात. तो माझ्याकडे वळला. "काकू, फर्म तर तुमच्या नावावर आहे. तुम्ही करा. दुर्वाला समजावू आपण नंतर. नाहीतर मला वर सांगावं लागेल की जबलपूरला जमलं नाही. मग दारं दुसरीकडून होतील, आणि स्टॉलवर नावही दुसऱ्याचंच."

मी पेन घेतलं. होय, घेतलं. दुर्वा माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघत नव्हते.

तेवढ्यात हे बोलले. वर्षातून चारदा बोलतात, त्यातलं एकदा. "कर सही. पण आपला नियम आहे ना, लतिका? पास करणाऱ्यानं बसायचं. गाडी उन्हात काढू, तू बस, मग सही कर."

मला असा संताप आला, असा संताप आला! नवऱ्यावर, कारण त्यानं सगळ्यांसमोर पकडलं. पोरीवर, कारण ती बरोबर होती. आणि त्या दाढीवाल्यावर, कारण तो अजूनही हसत होता. मी पेन टेबलावर ठेवलं.

"चलो," मी म्हणाले. "बसते. पण कंपनीनंही पास केलंय ना, अनुपम? कंपनीतर्फे तू बस. माझ्या शेजारी."

"काकू, माझं विमान..."

"विमान संध्याकाळचं आहे. तुझ्या मते तर दार उघडणारच आहे. मग घाबरून काहून राहिला?"

कारागीर हसले. ड्रायव्हर तर मोठ्यानं हसला. पुण्याच्या माणसाला चार माणसांसमोर भित्रा म्हटलं की तो विहिरीतही उडी मारेल. त्यानं कोट काढला, बाह्या दुमडल्या आणि आत बसला. मी चालवायच्या जागी बसले. दुर्वा धावत आली, "आई, नको, पागल झाली का," पण मी दार ओढून घेतलं. खटकन् बसलं.

गाडी शेडसमोरच्या उघड्या मैदानात, उन्हात ढकलून आणली होती. एसी जोडलेला नव्हता. दारांत खिडक्या खालीवर होत नव्हत्या, ही फक्त दाखवायची गाडी. काचेच्या जागी जाड पारदर्शक प्लास्टिक होतं, तेही हलकं म्हणून, हिरवं म्हणून. पहिली काही मिनिटं अनुपम गंमत करत होता. "काकू, कुंडलिनी जागृत होईल आता." मग घाम सुटला. मग त्यानं गंमत करणं सोडलं. मोबाइल काढला तर मोबाइलनं पडद्यावर लिहून दिलं की मी फार तापलोय, आणि बंद पडला. यंत्राला जे कळलं ते माणसाला कळत नव्हतं.

मी पदरानं गळा पुसला. माझा जीव घाबरा व्हायला लागला होता, पण त्याच्यासमोर कबूल करायचं नव्हतं. तोच आधी बोलला. उन्हानं माणूस खरं बोलायला लागतो की काय, ठाऊक नाही.

"काकू, एक सांगू? रागावू नका. आमच्याकडे पुण्यातही याच गोंदाचं नमुन्याचं दार एकदा अडकलं होतं. म्हणून तर स्टॉलवर दारं सतत उघडी ठेवायची सूचना आहे."

मी त्याच्याकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"मलाच असं नाही. सगळ्यांना. पुढं सुधारणारच आहे हो ते. आत्ता वेळ नाही."

"आणि माझ्या पोरीची सही?"

"कोणाची तरी लागतेच ना, काकू. उद्या काही झालंच तर..."

वाक्य त्यानं पूर्ण केलं नाही. गरज नव्हती. उद्या कोणाचं लेकरू आत गुदमरलं तर कागदावर दुर्वाचं नाव. त्यासाठी ते नाव स्टॉलवर लावून दाखवत होते, त्यासाठी व्हिसा, त्यासाठी 'दुर्वा, तू आमची शान आहेस'. बोकडाला हळदीकुंकू लावतात ते काही प्रेमानं नाही. आणि तिनं नाही म्हटल्यावर तेच कुंकू तो मला लावायला आला होता, आणि मी कपाळ पुढं केलं होतं!

मी त्याच्या कानाखाली वाजवायला बाहेर पडणार होते. आत हात उचलायला जागा नव्हती. मूठ ओढली. दार हललं नाही. पुन्हा ओढली. खांदा लावला. तक्ता माझ्याकडे पोक काढून उभा होता, गरम, अंगाला चटका देणारा.

"तुझ्याकडचं बघ," मी म्हणाले.

त्यानं ओढलं. मग लाथा मारल्या. मग ओरडायला लागला, "उघडा! अरे उघडा कोणीतरी!" पुण्याची सगळी शुद्धता गळाली होती.

बाहेर दुर्वानं आणि दोन कारागिरांनी मिळून मूठ ओढली, ती तुटून त्यांच्या हातात आली. मागच्या दारांचीही तीच तऱ्हा. ह्यांनी हातोडा आणून खिडकीवर घातला, तो उसळून परत आला. जाड प्लास्टिक, फुटतंय कसलं. ह्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. माझ्या डोळ्यांपुढं पिवळं व्हायला लागलं. अनुपम रडत होता. मला वाटलं, मरताना शेजारी हा. काय नशीब!

मग दुर्वा दिसली. तिच्या हातात कापायचं मशीन होतं, ज्यानं आम्ही तक्त्यांच्या कडा कापतो. तिनं खिडकीतून माझ्याकडे पाहिलं आणि हातानं खूण केली, तिकडं सरक. मी अनुपमच्या अंगावर गेले. तिनं खडूनं दारावर रेघ ओढली, सरळ, कामात ओढते तशी. आणि मशीन चालू केलं.

दोन वर्षं जिनं ते दार केलं, तीच ते कापत होती. मधाच्या रंगाचा भुगा आत उडत होता. भाजलेल्या जवसाचा वास आला, अगदी आपण चटणीला भाजतो तसा. तुकडा बाहेर पडला, हवा आत आली, तीही गरमच, पण हवा. ह्यांनी मला काखेत धरून ओढून काढलं. दुर्वानं मला सावलीत बसवलं, डोक्यावर ओला टॉवेल ठेवला आणि मग मला घट्ट मिठी मारून रागानं म्हणाली, "तुझा राग एक दिवस जीव घेईल." मी म्हणाले, "आज वाचवला." खरंच. मी नुसती सही करून मोकळी झाले असते तर?

अनुपमला पन्हं दिलं. दोन ग्लास प्यायला. मोबाइल पंख्यासमोर धरून थंड केला, आणि त्याचा पहिला फोन कोणाला, तर त्याच्या साहेबांना.

"सर, इथं गडबड झाली. त्यांनी दार कापलं."

एवढंच. 'अडकलं' नाही, 'आम्ही मेलो असतो' नाही, 'त्यांनी कापलं'. मी उठले. टेबलावरचा दाखला घेतला, त्यावर आडवं लिहिलं, 'नापास. आत बसून पाहिलं.' खाली माझी सही आणि फर्मचा शिक्का. तो कागद त्याच्या छातीवर आपटला. "घे. मालकिणीची सही हवी होती ना!"

तो कागद त्यानं घडी करून खिशात घातला आणि पुन्हा कधी कोणाला दाखवला नाही. जाताना दुर्वाला म्हणाला, गुप्ततेचा करार आहे, यातलं काही बाहेर गेलं तर कंपनी कोर्टात जाईल. ट्रेलरवर गाडी चढवताना ड्रायव्हरनं मात्र दुर्वाला बाजूला बोलावलं. "दीदी, मैंने पूरा वीडियो बना लिया है. बैठने से लेकर काटने तक. आपको भेज दूँ?" तिनं घेतला आणि मोबाइलमध्ये ठेवून दिला. आम्ही तिघं त्याबद्दल बोललो नाही. ह्यांना कोर्टाची भीती होती. मला होती का? होती. शेड माझ्या नावावर आहे, कर्जही माझ्या नावावर आहे.

दारं दुसरीकडून झाली, त्याच गोंदात. दुर्वा गेली नाही. बूट खोक्यात राहिले. कॉलनीतल्या बायकांना मी काय सांगितलं ते विचारू नका. एकीला तर असं बोलले की ती अजून माझ्या दारावरून जात नाही.

जूनमध्ये प्रदर्शन झालं. मोबाइलवर फोटो आले. झगझगीत हॉल, फिरत्या गोल चौथऱ्यावर ती मधाच्या रंगाची गाडी, आजूबाजूला हिरवी झाडं कुंड्यांत. पाटीवर, शंभर टक्के वनस्पतींपासून. अनुपम नव्या कोटात. दुर्वानं फोटो बोटांनी मोठा केला.

"बघ आई," ती म्हणाली. "चारही दारं उघडी. भोवती दोर लावला आहे, म्हणजे कोणी बंद करू नये."

सगळे फोटो पाहिले. एकातही दार बंद नव्हतं. त्या आठवड्यात कंपनीनं जाहीर केलं की हजारो लोकांनी गाडी बुक केली आहे, आणि दिवाळीनंतर गाड्या मिळायला लागतील. दुर्वानं मोबाइल उलटा ठेवला आणि गच्चीवर गेली. तिचं जुनं, ऐंशी टक्क्यांचं दार तिनं पुन्हा चौकटीत बसवलं होतं. ते उघडत होतं. कोणाला नको होतं, पण उघडत होतं.

मग एका सकाळी, आम्ही शेडमध्ये चहा पीत होतो, अनुपमचा फोन आला. दुर्वाला नाही, मला.

"काकू," तो म्हणाला, आवाज खाली. "कंपनीतर्फे नाही, माझा म्हणून करतोय. माझ्या बहिणीनं, अपूर्वानं, ती गाडी बुक केली आहे. मला न विचारता, भावाची कंपनी म्हणून. अकोल्याला असते. दोन मुलं आहेत, धाकटा तीन वर्षांचा. तिथला उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. तिला काय कारण सांगून रद्द करायला लावू? खरं सांगता येत नाही हो, नोकरी जाईल. तुम्ही काहीतरी सुचवा."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. मग मी अशी ओरडले, म्हणतात, की समोरच्या कारखान्यातली माणसं बाहेर आली.

"एकटीलाच काहून सांगतोस? बाकीच्यांची लेकरं काय रस्त्यावर पडलेली आहेत? तू आत रडला होतास ना, अनुपम? उघडा उघडा म्हणून? ते तीन वर्षांचं पोर काय म्हणेल आतून, त्याला मूठ तरी ओढता येते का?"

फोन बंद झाला. त्यानं केला की माझ्या हातून झाला, ठाऊक नाही. दुर्वा आणि हे माझ्याकडे पाहत होते. मी कप खाली ठेवला.

"तो ड्रायव्हरचा व्हिडिओ आहे ना तुझ्याकडे?"

"आहे."

"टाक. सगळीकडे टाक. त्या प्रदर्शनाच्या पानावरही टाक."

"आई, केस करतील." ती हळूच म्हणाली. "शेड जाईल."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. वर्षातल्या चार वेळांपैकी एक आता खर्च करतील, असं मला वाटलं. त्यांनी केली नाही. त्यांनी फक्त बाहेर, पाटीकडे पाहिलं.

"फर्म कोणाच्या नावावर आहे?" मी दुर्वाला विचारलं.

"तुझ्या."

"मग माझ्या नावानं टाक."